गाडीखालची नवमी

उल्हासची व्हॅन कण्हायला लागली ती नेमकी घटस्थापनेच्या दिवशी. डावीकडे वळताना तिच्या पोटातून, गुडघे धरलेल्या माणसाने उठताना काढावा तसा लांबलचक आवाज यायचा आणि वळण संपलं की थांबायचा. गंमत अशी, की उल्हास एकटा असला की व्हॅन मुकाट चालायची. मागच्या सीटवर आई बसली की कण्हायची.

सांगलीहून अमेरिकेत मुलाकडे राहायला आलेल्या सरलाताईंनी त्याच दिवशी निदान करून टाकलं.

"उल्हास, खाली कुणीतरी आहे."

"आई, खाली कुणी नाही. खाली एक्झॉस्ट आहे."

"असेल. पण तो एकटा नाही."

उल्हास ईडन प्रेरी या गावातल्या एका कंपनीत सिस्टिम आर्किटेक्ट होता. त्या धंद्यात प्रत्येक बिघाडाला मूळ कारण असतं आणि ते नेहमी दुसऱ्याच्या टीममध्ये सापडतं. घरातली व्हॅन मात्र दुसऱ्या टीमकडे ढकलता येईना. मेकॅनिकची अपॉइंटमेंट मिळत होती ती दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली. आणि दसऱ्याला सकाळी व्हॅनची पूजा, मग तिच्यातून श्रीखंडाची पातेली घेऊन इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जायचं, हे सगळं ठरलेलं. सरलाताईंनी त्यात पाचर मारली. "कण्हणाऱ्याची पूजा करत नाहीत. आधी त्याचं दुखणं बघ," त्या म्हणाल्या. त्यांनी एकदा असं म्हटलं की त्यावर अपील नसे.

तेव्हा उल्हासने ठरवलं, की गाडी घरीच उचलायची आणि खाली जाऊन बघायचं. बायको शैलजा जेवणाची उष्टी भांडी गोळा करत होती. "मागच्या वर्षी तू डिशवॉशर दुरुस्त केला होतास," एवढंच ती म्हणाली आणि हाताने भांडी विसळायला निघून गेली.

आता अमेरिकेतल्या मराठी वस्तीत एखाद्याने जॅक विकत घेतला, तर ती बातमी बारशाच्या बातमीआधी फुटते. संध्याकाळी गुरुदत्त हजर. तो दोन घरं सोडून राहायचा, मूळचा डोंबिवलीचा. त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेखा काढलेली होती, म्हणजे पाना जागेवर नसला की भिंतीवर त्याचं भूत दिसायचं.

"गाडी उचलणं काहीच नाही यार," तो म्हणाला. "ती उचललेली राहणं, हा मेन इश्यू आहे. जॅक उचलण्यासाठी, स्टँड धरण्यासाठी. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही."

"जॅक तर तीन टनांचा आहे."

"अरे, जॅक म्हणजे तेलावर उभा असलेला विश्वास आहे. व्हॉल्व्ह जरासा ढिला राहिला की तो हळूहळू बसतो. आवाज न करता. प्रॉमिस कर मला."

उल्हासने प्रॉमिस केलं. मग त्याने व्हिडिओ बघितले. प्रत्येक व्हिडिओची सुरुवात एका मेलेल्या माणसापासून व्हायची. टोपी घातलेला कुणीतरी कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचा, की माझा एक मित्र होता, फक्त दोन मिनिटांसाठी खाली गेला होता. मग जरा गप्प बसून तो पुढे जॅक कसा लावायचा ते दाखवायचा. हे सगळे मित्र फक्त दोन मिनिटांसाठीच गेलेले होते. उल्हासला झोपताना त्यांचे चेहरे दिसू लागले, आणि ते सगळे पाठीवर झोपलेले असत.

राहता राहिली सोसायटी. तिच्या अध्यक्ष श्रीमती लिंडग्रेन समोरच राहत. त्यांच्या हिरवळीवर हॅलोविन या भुताखेतांच्या सणासाठी सांगाड्यांचं एक सबंध कुटुंब मांडलेलं होतं. बाप गवत कापतोय, आई बाबागाडी ढकलतेय, आणि दाराजवळचा एक म्हातारा सांगाडा समोरून काही हललं की खदाखदा हसतो. या बाईंनी अतिशय गोड शब्दांत ईमेल पाठवली, की चाकं जमिनीवरून उचललेली गाडी रस्त्यावरून दिसता कामा नये, त्यामुळे परिसराची शोभा जाते. सांगाड्यांबद्दल नियमात काही नव्हतं. म्हणजे काम गॅरेजचं मोठं दार बंद करूनच करायला हवं होतं. मनुष्य गाडीखाली असताना त्याला कुणी बघू शकणार नाही, अशी व्यवस्था सोसायटीने नियमानेच करून ठेवली.

गुरुवारी संध्याकाळी गुरुदत्तच्या देखरेखीखाली रंगीत तालीम झाली. मागच्या चाकांना रबरी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, जॅक पुढच्या मजबूत आडव्या दांड्याखाली नेमका बसवला, गाडी उचलली, दोन्ही बाजूंना तांबडे लोखंडी स्टँड दिले, गाडी त्यांच्यावर अलगद टेकवली आणि दोघांनी तिला खांदा लावून हलवून पाहिलं. गाडी हलली नाही. उल्हासची छाती अभिमानाने भरून आली, आणि तेवढ्यात शैलजा दारात आली. भोंडल्याला जायचं होतं, खिरापतीचा डबा मोठा होता आणि तो तिच्या छोट्या गाडीत मावत नव्हता. सगळं पुन्हा खाली उतरवावं लागलं. सरलाताई पायरीवर उभ्या राहून हा सोहळा बघत होत्या. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"हे दोन तांबडे कोण?"

"स्टँड, काकू," गुरुदत्त म्हणाला. "हे आहेत म्हणून खाली जाणारा माणूस वर येतो."

सरलाताईंनी त्या दोघांकडे नीट पाहून घेतलं.

शुक्रवारी खंडेनवमी होती. उल्हास कॉफीचा मग घेऊन गॅरेजमध्ये आला, तर भिंतीशी मोठा पाट मांडलेला. त्यावर विळी, कात्री, ड्रिल, हातोडी, लेकीने, निधीने, कॉलेजला जाताना घरी ठेवलेला कॅल्क्युलेटर, आणि मधोमध ते दोन स्टँड. डोक्यावर हळदकुंकू, गळ्यात झेंडूच्या माळा. मेहूण जेवायला बसवावं तसे ते शेजारी शेजारी बसले होते. पूजेला उल्हासचा लॅपटॉपही हवा होता, पण ऑफिसच्या मीटिंगा होत्या म्हणून बरीच घासाघीस होऊन त्याबदली त्याचा फोन ठेवण्यात आला. फोनच्या काचेवर कुंकवाचं बोट उमटलं होतं.

"आई, स्टँड मला लागणार आहेत. आजच."

"आज अवजारांची विश्रांती. वर्षभर राबतात बिचारी."

"ती परवा आलीत. अजून बॉक्सचा वास जायचाय त्यांचा."

"उद्या गाडीची पूजा झाली की उत्तरपूजा करीन. मग घे."

म्हणजे गाडीची पूजा व्हायला आवाज जायला हवा, आवाज जायला स्टँड हवेत, आणि स्टँड उठायला गाडीची पूजा व्हायला हवी. लहानपणी रेशनकार्डासाठी वडिलांबरोबर कचेरीत घातलेल्या खेपा उल्हासला आठवल्या. तिथे निदान साहेब जेवायला तरी उठायचा.

दुपारी शैलजा सासूबाईंना घेऊन, उद्याच्या सोन्यासाठी पानं आणायला गेली. आपटा मिनेसोटात मिळत नाही. पण गुरुदत्तच्या ओळखीच्या एका घरी रेडबड नावाचं झाड आहे, त्याची पानं थोड्या श्रद्धेने पाहिली तर चालून जातात. जाताना सरलाताई पुन्हा गॅरेजमध्ये गेल्या, पाटासमोर वाकल्या आणि काहीतरी पुटपुटल्या. मग छोटी गाडी निघून गेली. घर एकदम गप्प झालं.

आता इथे उल्हासच्या डोक्यात जे झालं ते समजून घ्यायला हवं, कारण अशी चूक करायला माणूस एकाच वेळी आज्ञाधारकही लागतो आणि शहाणाही. पूजेतले स्टँड उचलणं त्याला शक्य नव्हतं. तो देव मानायचा की नाही हा प्रश्न वेगळा, आईची पूजा मोडायची नाही हे त्याच्या हाडात होतं. पण जॅक? जॅक काल रात्री भोंडल्याहून परतल्यावर त्यानेच पुन्हा व्हॅनच्या पुढच्या भागाखाली सरकवून ठेवला होता. तिथवर आईला वाकता आलं नव्हतं. त्याला कुंकू लागलेलं नव्हतं. म्हणजे जॅक सुटीवर नव्हता. कायद्याने बघितलं तर तो कामावर हजर होता. आणि बघायचंच तर होतं. फक्त दोन मिनिटं.

त्याने गॅरेजचं दार बंद केलं, ठोकळे लावले, व्हॅन पुढून उचलली. पुठ्ठा अंथरला. निधीच्या युनिव्हर्सिटीचा जुना टोपीवाला जॅकेटसारखा सदरा घातला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि टॉर्च घेऊन पाठीवर सरकत आत गेला. जाताना त्याची नजर पाटावर गेली. ते दोघं मान वर करून बसले होते. बघत होते असं म्हणता येत नाही, कारण लोखंडाला डोळे नसतात.

दुखणं लगेच सापडलं. एक्झॉस्टवरचा उष्णता अडवायचा पातळ पत्रा एका कडेला सुटून पाइपला घासत होता. उल्हासला इतका आनंद झाला, की त्याने मान उचलून पत्रा हलवून पाहिला. पत्रा कण्हला. तेवढ्यात गॅरेजचा दिवा विझला.

त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. तो दिवा हालचाल बघून लागायचा आणि काही वेळ कुणी हललं नाही की आपोआप विझायचा. गाडीखालचा माणूस त्याच्या हिशेबी माणूसच नव्हता. उल्हासने टॉर्चच्या उजेडात पत्र्याचा बोल्ट शोधायला सुरुवात केली. बाहेर वाऱ्याने पानं उडाली आणि समोरचा म्हातारा सांगाडा खदाखदा हसला. मग शांतता. त्या शांततेत उल्हासच्या लक्षात आलं, की मघाशी नाकासमोर धरता येत होता तो टॉर्च आता उभा धरता येत नाहीये.

त्याने टॉर्च आडवा केला. भास असेल. त्याने मान वळवून पाहिली. मघाशी वळत होती ती आता गालाला काहीतरी गार लागून थांबली.

व्हॅन बसत होती. आवाज न करता. गुरुदत्तने सांगितलं होतं अगदी तशी.

तो झटकन बाहेर सरकायला गेला आणि मागून कुणीतरी त्याला धरलं. खरंच धरल्यासारखं, मानगुटीला. सदऱ्याची टोपी त्या सुटलेल्या पत्र्याच्या कडेत अडकली होती. हात वर न्यायला जागा उरली नव्हती. चेन हनुवटीखाली होती, पण तिथवरही बोटं पोचेनात. व्हॅनचं पोट त्याच्या छातीला लागलं, अगदी हलकेच, दवाखान्यात डॉक्टर हात ठेवतात तसं. फोन पाटावर होता. त्याला कुंकू लागलेलं होतं.

उल्हास ओरडला. आधी मराठीत, मग लक्षात आल्यावर इंग्रजीत. "हेल्प" हा शब्द त्याने आयुष्यात एवढ्या मनापासून कधी उच्चारला नव्हता. बाहेर पावलं वाजली. बंद दाराशी थांबली. श्रीमती लिंडग्रेन कुणालातरी सांगत होत्या, की अखेर आपले भारतीय शेजारीसुद्धा हॅलोविनमध्ये भाग घेताहेत आणि आवाज किती खरा वाटतो नाही. सांगाडा हसला. पावलं निघून गेली.

उल्हासला भीती वाटली. साधी, उघडी, लहानपणी विहिरीत वाकून पाहिल्यावर वाटायची तशी. निधी आठवली. आई पानं घेऊन येईल आणि गॅरेजमध्ये पहिलं पाऊल तिचं पडेल, हे आठवलं आणि त्याचे डोळे भरून आले. आणि या अवस्थेतही मनाचा एक कोपरा बघत होता, की मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येतील आणि त्यांच्याखाली गुरुदत्त लिहील, मी त्याला सांगितलं होतं. टोपीवाला पुढच्या व्हिडिओत म्हणेल, माझा एक मित्र होता.

तेव्हा गॅरेजचा दिवा लागला.

दिवा लागला म्हणजे कुणीतरी हललं होतं. घरात येणारं दार वाजलं नव्हतं. मोठं दार बंद होतं. उल्हास तर हलूच शकत नव्हता.

"आई?" तो म्हणाला. "शैलजा?"

कुणी ओ दिली नाही. पण फरशीवर एक आवाज झाला. टक. थोडं थांबून पुन्हा, टक. काहीतरी जड वस्तू उचलून ठेवावी तसा, किंवा सवय नसलेल्याने एकेक पाऊल टाकावं तसा. उल्हासने टॉर्च त्या दिशेला नेला. चाकापलीकडे माणसाचे पाय दिसायला हवे होते. पाय दिसले, चार, लोखंडाचे, तांबडे. त्यातल्या एकाशी झेंडूची पाकळी चिकटलेली होती.

त्याने घाबरून टॉर्च दुसऱ्या बाजूला फिरवला. तिकडे काही नव्हतं. परत आणला तर ते चार पाय चाकाच्या अलीकडे होते. टक, असं आता डावीकडून वाजलं. उल्हासने डोळे मिटून घेतले. लहानपणी अंधारात घरातून अंगणातल्या नळापर्यंत जाताना जे स्तोत्र अर्धवट यायचं, ते आताही अर्धवटच आलं. छातीवरचा तो डॉक्टरांचा हात जड होत गेला, श्वास अर्धाच आत जाऊ लागला, आणि मग दोन्ही बाजूंनी एकदम लोखंडावर लोखंड टेकल्याचा आवाज झाला. व्हॅनच्या पोटातून धूळ पडली आणि व्हॅन थांबली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दिवा पुन्हा विझला. उल्हासने पोट आत ओढलं, इंचाइंचाने एक हात गळ्याशी आणला, चेन खाली केली आणि सदरा तिथेच सोडून, सापाने कात टाकावी तसा बाहेर आला. दिवा लागला. गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. पाटावर तांदळात दोन रिकामे चौकोन होते. तिथून व्हॅनपर्यंत दोन्ही बाजूंना अक्षता सांडत गेल्या होत्या. स्टँड व्हॅनखाली होते, कालच्याच जागी, कुंकू लावलेल्या कपाळावर व्हॅन घेऊन.

त्याने सगळं घर पाहिलं. आईची चप्पल नव्हती, शैलजाची किल्ली नव्हती. मग त्याने मोठं दार उघडलं, कारण त्या गॅरेजमध्ये बंद दाराआड उभं राहणं आता त्याला शक्य नव्हतं.

श्रीमती लिंडग्रेन लगबगीने आल्या. गाडीखाली लोंबणारा रिकामा सदरा पाहून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि ही गल्लीतली सर्वांत सुंदर सजावट आहे असं सांगितलं. झेंडूची कल्पनाही आवडली. मात्र चाकं उचललेली दिसताहेत, तेवढं बघा, असंही त्या म्हणाल्या.

पाठोपाठ गुरुदत्त आला. त्याने वाकून आधी स्टँड पाहिले.

"कोणी लावले रे?"

"मीच," उल्हास म्हणाला.

"बॉस, मस्त लावलेत. दोन्ही सेम दातावर, सेम उंचीला." मग त्याला जमिनीवर टेकलेला जॅकचा दांडा दिसला. त्याने व्हॉल्व्ह फिरवून पाहिला आणि उल्हासकडे वळला. "हा ढिलाच होता. स्टँड नसते तर..." मित्राचा पांढरा चेहरा पाहून तो स्वतःच गाडीखाली शिरला आणि एक चपटी पट्टी आवळून पत्रा बसवून बाहेर आला. आई नेहमी मागे डावीकडे बसते, वजन तिकडे जातं आणि पत्रा घासतो, असं त्याचं म्हणणं पडलं. हे सरलाताईंना कुणी सांगायचं, यावर दोघांचं एकमत झालं नाही. व्हॅन खाली उतरवून तो गेला, तरी उल्हास स्टँडना हात लावायला धजला नव्हता. गुरुदत्तनेच जाताना ते पाटावर नेऊन ठेवले होते.

सरलाताई पानांची पिशवी घेऊन आल्या, तेव्हा उल्हास गॅरेजच्या पायरीवर बसला होता. शैलजा स्वयंपाकघरात गेली. सरलाताईंनी पाट पाहिला. स्टँड जागेवर होते, पण डावा उजवीकडे होता आणि दोघांच्या कपाळावरचं कुंकू पुसलेलं होतं.

"उठवलंस त्यांना?"

"नाही."

"मग कुठे होते ते?"

"गाडीखाली."

"आणि तू?"

उल्हासने खोटं बोलायचा विचार केला. पण दिवसभरात त्याचं एक खोटं वापरून झालं होतं, आणि दुसऱ्याचं बळ उरलं नव्हतं. "मी पण," तो म्हणाला. "आधीपासून."

सरलाताईंच्या हातातली पिशवी खाली पडली. त्या भिंतीला धरून त्याच्याशेजारी बसल्या. मग त्यांनी त्याचा दंड, खांदा, छाती असं चाचपून पाहिलं, बाजारात नारळ बघतात तसं, आणि पदराने डोळे पुसले.

"जाताना मी पाटापाशी गेले होते ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा बाकीच्यांना म्हटलं, तुम्ही निवांत राहा, आज सुटी. आणि त्या दोघांना म्हटलं, तुम्हाला सुटी नाही. हा ऐकणारा नाही. लक्ष ठेवा."

"मग मला का नाही सांगितलंस? मी घेतले असते ना ते."

"तुला सांगितलं असतं तर तू हट्टाने ते घ्यायलाच नको म्हणाला असतास. तुझी बुद्धी मला माहीत आहे."

दोघं तसेच बसून राहिले. कुणी हललं नाही, तेव्हा दिवा विझला. अंधारात कुंकवाचा आणि तेलाचा वास तेवढा राहिला. उल्हासला आईचा हात आपल्या हातावर जाणवत होता, आणि तो मुळीच हलत नव्हता.

दिवा लागला.

दोघांनी पाटाकडे पाहिलं. डावा स्टँड डावीकडे होता आणि उजवा उजवीकडे. उल्हास उठायला लागला, तेव्हा सरलाताईंनी त्याला खाली बसवलं.

"राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "बसू दे त्यांना. दमलेत."